फ्यूजचा आकडा

मुदखेड

चि. माधव,

परवा बाजारात अर्धापूरकडील एक केळीचे बागाईतदार, तू माझा पुतण्या आहेस हे ठाऊक नसताना, नांदेडच्या एका कारागीर पोराची तारीफ करीत होते. गाडीची विजेवर सरकणारी सीट बंद पडली, वीस अँपिअरचा फ्यूज दोनदा उडाला, तेव्हा त्या पोराने तेथे तीसचा बसवून घटकाभरात सीट चालू करून दिली, असे ते कौतुकाने सांगत असता, त्यांनी वर्णिलेले गॅरेज तुझेच आहे हे माझ्या ध्यानात आले आणि मला तेथे उभे राहवेना. वार्ता खोटी असेल तर तसे तातडीने कळव. खरी असेल तर त्या गृहस्थांस आजच गाडीसह बोलावून घे.

अरे, फ्यूज मोटारीपेक्षा तारेच्या रक्षणासाठी असतो. तार जेवढा प्रवाह निर्वेध वाहू शकते त्यावरून त्याचा आकडा ठरतो. तो वाढविलास की वितळण्याचे काम फ्यूजकडून सीटखालच्या तारेकडे, म्हणजे फोम आणि कापडाच्या शेजारी, जाते. आपल्या विहिरीवरील मोटारीस फ्यूजच्या जागी कोणी जाड तार घातली आणि त्या रब्बीत दादांवर काय गुदरले, हे तुला मी सांगावे काय?

फ्यूज उडाला की आधी कारण शोधावे. सीट मागेपुढे होताना वायर रुळाच्या धारेवर घासते, आवरण झिजून तांबे बॉडीला टेकते. कधी रुळात नाणे अडकून मोटार अडते आणि प्रवाह चढतो. सीट सोडविण्यापूर्वी मात्र बॅटरीची ऋण तार काढून, कंपनीच्या पुस्तकात सांगितला असेल तेवढा वेळ थांबावे. सीटच्या कुशीत एअरबॅग असेल तर तिच्या पिवळ्या कनेक्टरला टेस्ट लॅम्प लावण्याचे धाडस कदापि करू नये.

सर्वच हालचाली बंद असतील तर फ्यूज आणि अर्थ पाहावी; एकच बंद असेल तर फ्यूजवर संशय घेण्याचे प्रयोजन नाही. सीट पुढे जाते पण मागे येत नाही, अशा वेळी मोटार बदलण्याची घाई का करावी? साध्या जोडणीत त्याच दोन तारांतून प्रवाह उलटा फिरवून मोटार दोन्हीकडे चालते; तेव्हा रूळ मोकळा असल्यास दोष बहुधा बटणात असतो. आणि बटण न दाबता मीटरने दाखविलेल्या बारा व्होल्टांवर विसंबू नकोस. एका धाग्यावर टिकलेली तारही तेवढे दाखविते आणि भार पडताच कोसळते. बटण दाबून धरून माप घ्यावे. एवढे केल्यावर तीसच्या फ्यूजची आठवणही होणार नाही.

माझी हयात येथील जंक्शनवर सिग्नल खात्यात गेली. तेथे रिलेचा प्रवाह तुटला की सिग्नल लाल होतो. बिघाड झालाच तर तो माणसे वाचविण्याच्या बाजूस पडावा, अशी ती सारी योजना. तुझा फ्यूज त्याच कुळातला आहे, म्हणून हा तगादा. हा हुन्नर खरे तर दादांचा. त्यांचा हात माझ्याहून कुशल होता. मला शिकावयास पाठवून ते मळ्यात राहिले, आणि मला नोकरी लागल्यावर, आता तुम्ही शिका, मी घर पाहतो, असे त्यांना म्हणावयाचे राहून गेले. ती रुखरुख अद्याप जात नाही. तू आयटीआयला गेलास त्या दिवशी ते गावभर सांगत फिरले होते.

कठोर लिहिले, तरी तुझ्या नियतीविषयी मला तिळमात्र शंका नाही. गिऱ्हाईक डोक्याशी उभे असते, मालकाचे लक्ष घड्याळाकडे असते, हे मी जाणतो. वेळ लागला म्हणून कोणी बोलले तर बोलू दे. चांगला मीटर घेण्यासाठी तुझ्या आईजवळ पैसे दिले आहेत. ते परत करण्याचा विचार मनात आणू नकोस. काकू दिवाळीची वाट पाहते आहे. तुझ्या उजव्या हातास चटका बसला होता असे वहिनींकडून कळले. तो आता कसा आहे, फोड उतरला की नाही, ते मात्र आधी लिही, फ्यूजचे मागाहून.

तुझा
काका