टर्बो गाडी ऑईल खाते? आधी मोजा, मग खोला



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण गॅरेजमधल्या एका नेहमीच्या दुखण्याबद्दल बोललो. टर्बो इंजिनची गाडी ऑईल खातेय, गिऱ्हाईक वैतागलंय, आणि तीन गॅरेजवाल्यांनी त्याला तीन कारणं सांगितलीत. हात काळे करून दाखवता येईल तेवढं व्हिडिओत दाखवलं. हिशेब मात्र वाचूनच नीट डोक्यात बसतो, म्हणून तो इथे लिहितोय.

तुमच्यापैकी बरेच जण स्वतः मेकॅनिक नाहीत. भांडवल तुमचं आणि हात कारागिराचा, असं गॅरेज टाकणार आहात. हा लेख तुमच्यासाठी जास्त आहे. कारण "टर्बो गेलाय, बदलू या" हे कारागीर म्हणतो, पण बिल तुमच्या नावाचं असतं. टर्बो बदलला, चाळीस-पन्नास हजार घेतले आणि महिन्याने ऑईलची काडी पुन्हा कोरडी निघाली, तर गिऱ्हाईक कारागिराकडे जात नाही. ते तुमच्या काउंटरवर येतं, आणि येताना मेहुण्यालाही घेऊन येतं.

टर्बोला ऑईल लागतं कशाला

एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. एका पंख्याला सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर फिरवतो, दुसरा इंजिनमध्ये हवा कोंबतो. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, छोट्या टर्बोत तर दोन लाखांच्या आसपास. पेट्रोल गाडीत धुराचं तापमान ९०० अंशांच्या पुढे जातं. एवढ्या वेगाचा दांडा ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑईल बारीक पाईपमधून दाबाने येतं आणि खालच्या जाड पाईपमधून आपल्या वजनाने चेंबरमध्ये पडतं.

आता लक्ष देऊन वाचा. टर्बोच्या दांड्यावरचं सील रबराचं नसतं. पिस्टनच्या रिंगेसारखी एक छोटी धातूची रिंग असते. ती ऑईल अडवते ते पंख्यांच्या बाजूला हवेचा दाब असतो आणि ऑईल खाली मोकळं पडत असतं म्हणून. परतीचा पाईप कार्बनने चोंदला, किंवा चेंबरमध्ये गॅसचा दाब वाढला, तर ऑईलला खाली जायला वाट राहत नाही. मग ते बाजूने पंख्याकडे येतं. असा टर्बो काढून नवा कोरा लावलात तरी तोही ऑईल फेकणार. एअर फिल्टर पार चोंदला असेल तरी हवेच्या बाजूचा पंखा आयडलवर ऑईल ओढू शकतो. थोडक्यात, टर्बोच्या पाईपात ऑईल दिसणं वेगळं आणि टर्बो खराब असणं वेगळं. त्यातही पाईपात किंवा इंटरकूलरमध्ये हलका ओलावा असणं नॉर्मल आहे, कारण ब्रीदरचा तेलकट गॅस त्याच वाटेने जातो. कारागीर बोटाला ऑईल लावून दाखवेल. बोटावरून काहीही ठरवू नका.

मोजणी: खरं काम हेच

"फार खाते" याला अर्थ नाही. किती किलोमीटरला किती, हे पाहिजे. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये १००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालण्यासारखा धरलाय. गिऱ्हाईकाला हे पटत नाही. आधीच्या साध्या पेट्रोल गाडीत त्याने दोन सर्व्हिसच्या मधे बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं. म्हणून त्या गाडीचं मॅन्युअल उघडून ते पान त्यालाच वाचायला द्या. निम्मं भांडण तिथेच मिटतं.

आमच्याकडे मोजणी अशी होते. गाडी सपाट फरशीवर, दर वेळी त्याच जागी. इंजिन गरम करून बंद करायचं, दहा मिनिटं थांबायचं, काडी पुसून बघायची. वरच्या खुणेपर्यंत ऑईल भरायचं, खुणेच्या वर अजिबात नाही, कारण जास्त भरलेलं ऑईल ब्रीदरमधून ओढलं जातं आणि मोजणी तिथेच खोटी होते. किलोमीटरचा आणि काडीचा फोटो काढायचा. ऑईलच्या झाकणावर आणि चेंबरच्या नटावर रंगाचा ठिपका. गिऱ्हाईकाला सांगायचं, १००० किलोमीटर चालवा, मधे ऑईल घालू नका, पण काडी आठवड्याला बघा. खालच्या खुणेला टेकली तर लगेच या. आम्ही नाशिकचे, मुंबईच्या तीन खेपा झाल्या की हजार किलोमीटर होतात. शिवाय कसाऱ्याच्या घाटात उतारावर गाडी इंजिन ब्रेकिंगवर येते, तेव्हा सिलेंडरमध्ये ओढ वाढते आणि व्हॉल्व्ह सील ढिली असतील तर तिथेच कळतं.

गाडी परत आली की अंदाजाने ओतायचं नाही. ऑईलचा कॅन आधी वजन करायचा, वरच्या खुणेपर्यंत भरायचं, पुन्हा वजन करायचा. किराणा दुकानातला डिजिटल काटा पुरतो. एक लिटर इंजिन ऑईल साधारण ८५० ग्रॅम भरतं, म्हणजे ४२५ ग्रॅम गेलं तर अर्धा लिटर.

एक खाचखळगा मात्र आहे. बीएस-६ डिझेल गाडीत फिल्टर साफ करताना जादा डिझेल मारलं जातं, ते थोडं ऑईलमध्ये उतरतं आणि पातळी वाढते. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत रोज दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तरी ऑईलमध्ये पेट्रोल मिसळतं. काडी भरलेली दिसते, आणि ऑईल खरं तर गेलेलं असतं. काडीला इंधनाचा वास येत असेल तर आधी ऑईल आणि फिल्टर बदला, मग मोजणी सुरू करा.

स्वस्तातलं आधी

मोजणीत खप खरोखर जास्त निघाला तर खिशाला कमी लागणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात. गाडीखाली आणि इंजिनच्या पुढे-मागे गळती बघा. एअर फिल्टर बघा. आधी कुठलं ऑईल घातलंय ते बिलावरून शोधा. खप कमी व्हावा म्हणून काही जण जाड, २०डब्ल्यू-५० ऑईल घालतात. टर्बोचा ऑईल पाईप बारीक असतो. सकाळी थंड इंजिनला जाड ऑईल तिथे उशिरा पोचतं आणि दांडा तेवढा वेळ कोरडा फिरतो. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आणि जो मंजुरी क्रमांक छापलाय तेच ऑईल घाला. छोट्या टर्बो पेट्रोलला एपीआय एसपी दर्जा शक्यतो सोडू नका, कमी वेगात होणाऱ्या अवेळी स्फोटाचा विचार त्या दर्जात केलेला आहे.

मग ब्रीदर. चेंबरमधला गॅस पुन्हा इंजिनकडे नेणारा हा व्हॉल्व्ह आणि त्यातला रबरी पडदा. पडदा फाटला की इंजिन चेंबरमधून तेलकट वाफ सपासप ओढतं. चाचणी दहा रुपयांची आहे: इंजिन आयडलवर, ऑईलचं झाकण काढून त्या तोंडावर रबरी हातमोजा बसवा. मोजा हलकासा आत गेला तर ठीक. जोरात आत ओढला गेला, किंवा झाकणच हाताला निघेना आणि शिट्टीसारखा आवाज येतोय, तर पडद्यावर संशय. मोजा फुगून वर आला तर रिंगांमधून गॅस खाली येतोय किंवा ब्रीदर चोंदलाय.

मागच्या वर्षी आमच्याकडे सात वर्षं जुनी टर्बो पेट्रोल सेडान आली. दुसऱ्या शहरातल्या एका गॅरेजने टर्बो आधीच बदललेला, ऑईलचा खप जसाच्या तसा. गिऱ्हाईक गाडी विकायला निघालेलं. हजार किलोमीटरला ६६० ग्रॅम गेलं, म्हणजे पाऊण लिटरच्या वर. हातमोजा क्षणात आत. ब्रीदर व्हॉल्व्ह बदलला, पुन्हा मोजणी केली, १८० ग्रॅम. दोन्ही मोजण्या धरूनही बिल नव्या टर्बोच्या बिलाच्या जवळपाससुद्धा गेलं नाही. सगळ्या गाड्या अशा सुटतात असं मात्र समजू नका, ही नशीबवान होती.

ब्रीदर चांगला निघाला तर टर्बोचा परतीचा पाईप काढून साफ करा आणि दांड्याची खेळ बघा. थोडी आडवी हालचाल असतेच. पंखा घराला घासल्याची खूण असेल तर मात्र टर्बो गेला. धुरावरूनही अंदाज येतो. सकाळी सुरू करताना निळा धूर आणि मग बंद, तर बहुधा व्हॉल्व्ह सील. उतारावरून येऊन ॲक्सिलरेटर दाबला की ढग, तरीही तीच शंका. सतत जोर दिल्यावर धूर असेल तर रिंगा.

रिंगांबद्दल एक गोष्ट कारागीरही विसरतात. कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून रिंगा चांगल्या, असं नसतं. कॉम्प्रेशन वरच्या दोन रिंगा धरतात. ऑईल खरवडायचं काम तिसऱ्या रिंगेचं, ती कार्बनने चिकटली तरी गेज फर्स्ट क्लास आकडा दाखवतं. अमेरिकेत ऑडीच्या २००९ ते २०११ मॉडेलच्या काही २.० टीएफएसआय गाड्यांच्या ऑईलच्या खपावरून मालक कोर्टात गेले आणि कंपनीला तडजोड करावी लागली. तिथेही चर्चा याच ऑईल रिंगेची आणि पिस्टनची होती. कंपनीची दुरुस्तीसुद्धा आधी मोजणी, नंतर पिस्टन-रिंगा, याच क्रमाने होती.

डिझेलवाल्यांनी हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका

डिझेल टर्बोचं सील खरंच गेलं आणि इंटरकूलरमध्ये ऑईल साचलं, तर इंजिन तेच ऑईल जाळून स्वतःहून पळत सुटू शकतं. चावी बंद करून उपयोग होत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर वरचा गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडायचा. नाहीतर हवेचं तोंड जाड फळीने बंद करायचं. हाताने कधीच नाही. हे जमत नसेल तर गाडीपासून लांब व्हायचं. तुमच्या पोरांना हे पहिल्या दिवशी शिकवा आणि फळी भिंतीला टांगून ठेवा.

इंजिन खोलायचं की ऑईल घालत राहायचं?

समजा रिंगाच गेल्या आहेत. खप १००० किलोमीटरला ६०० मिली, गाडी महिन्याला दीड हजार किलोमीटर चालते, ऑईल ७०० रुपये लिटर. महिन्याला ९०० मिली, ६३० रुपये. वर्षाचे साडेसात हजार. इंजिन कामाचं एस्टिमेट सव्वा लाख असेल तर तेवढ्यात सोळा वर्षांचं टॉप-अप होतं. गाडी तीन वर्षांत विकायची असेल तर गिऱ्हाईकाला सरळ सांगा, ऑईल घाला, काडी बघत राहा. सव्वा लाखाचं काम हातचं जातंय असं वाटेल. पण तोच माणूस क्लच, ब्रेक, सस्पेन्शन घेऊन तुमच्याकडे येतो.

याला मर्यादा आहे. जळलेलं ऑईल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू मारतं आणि प्लग खराब करतं. खप लिटरच्या पुढे गेला, मिसफायर सुरू झाला किंवा धूर रस्त्यावर दिसायला लागला की टॉप-अपचा हिशेब संपला. आणि ज्याच्याकडून काडी बघणं होणार नाही, अशा गिऱ्हाईकाला टॉप-अपचा सल्ला देऊच नका. कोरडं इंजिन हायवेवर बसलं तर सव्वा लाखातही भागणार नाही.

मोजणीचे पैसे घ्यायचे का? घ्यायचे. मी १५०० घेतो, काम आमच्याकडेच केलं तर बिलातून वजा करतो. फुकट केलीत तर गिऱ्हाईक हजार किलोमीटरने परत येत नाही, हा माझा अनुभव. जॉबकार्डवर चार गोष्टी लिहून सही घ्या: सुरुवातीचे आणि शेवटचे किलोमीटर, ऑईलचं नाव आणि ग्रेड, किती ग्रॅम भरलं, आणि "कारण सापडेपर्यंत टर्बो किंवा इंजिन खोलणार नाही" हे वाक्य. बदललेला जुना पार्ट पिशवीत घालून गाडीतच ठेवून द्या, मागायची वाट बघू नका.

जॉबकार्डचा कोरा नमुना व्हिडिओच्या खाली टाकलाय. आपल्या गॅरेजचं नाव घालून वापरा.