आधी अंक वाचा, मग निबंध पाठवा

‘तीन दिवसांत स्वीकृतीपत्र, पैसे भरताच प्रमाणपत्र’ अशी नियतकालिकांची आमंत्रणं पीएच.डी. करणाऱ्यांच्या ईमेलवर सतत येत असतात. ती वाचून वाचून माझं एक मत पक्कं झालं आहे: शोधनिबंध छापून येणं हा आता दर्जाचा पुरावा उरलेला नाही. कागद, छपाई, टपाल यांचा भार होता तोवर वाटेल ते छापणं परवडत नसे. इंटरनेटनं तो भार जवळजवळ संपवला. त्याचं मला मोलच वाटतं. ‘शोधगंगा’ या ऑनलाइन भांडारामुळे देशभरातले प्रबंध आज गावात बसून वाचता येतात. पण त्याच वाटेनं फी घेऊन काहीही छापणारेही आले. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकारानं ढळढळीत चुका पेरलेला बनावट निबंध ३०४ नियतकालिकांकडे पाठवला. तब्बल १५७ जणांनी तो स्वीकारला.

मान्यताप्राप्त यादी पाहिली की झालं, असं अनेक जण म्हणतात. पण विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) २०१८ मध्ये स्वतःच्याच यादीतून ४,३०५ नियतकालिकं वगळली आणि त्यानंतरची ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये बंद केली. मधल्या काळात यादीतल्या चांगल्या नियतकालिकांच्या नावानं हुबेहूब बनावट संकेतस्थळं निघाली, ती वेगळीच. आयएसएसएन हा तर नुसता ओळख क्रमांक; त्यावरून दर्जा कळत नाही. म्हणून जुने दोन-तीन अंक उघडून बघा. एकाच अंकात सिव्हिल इंजिनिअरिंग, आयुर्वेद आणि ग्रामीण कादंबरी शेजारी शेजारी दिसली, तर हे सारं तपासलं कोणी, हा प्रश्न पडायला हवा. संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर लिहून विचारा. कित्येकदा आपलं नाव तिथे आहे हे त्यांनाच ठाऊक नसतं. फी घेणारा प्रत्येक जण लबाड, असं मात्र नाही. ‘प्लॉस वन’ हे नियतकालिकही फी घेतं आणि बोहॅननचा निबंध त्यानं कसून तपासून नाकारला होता.

बढतीची मुदत जवळ आली की एवढी चौकशी कोण करणार, ही अडचण खरी आहे आणि तिचा दोष निबंध मोजणाऱ्या व्यवस्थेकडे जातो. पण भोगतो लेखकच. एकदा छापलेला निबंध दुसरं चांगलं नियतकालिक घेत नाही आणि मागे घ्यायचा म्हटलं तर पुन्हा पैसे मागितले जातात. पीएच.डी.साठी प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्ती यूजीसीनं २०२२ च्या नियमांत काढून टाकली आहे. तेव्हा विद्यार्थ्यांनो, आपल्या विद्यापीठाचा नियम आधी नीट विचारून घ्या आणि मगच पैसे भरा.