सँडल की शूज?

फर्स्ट इयरची गोष्ट. वर्कशॉपच्या पहिल्याच दिवशी मला फिटिंग शॉपच्या दारातून परत पाठवलं. पायात जाड सोलचे, वेल्क्रोचे पट्टे असलेले स्पोर्ट्स सँडल होते. "सर, हे स्पोर्ट्सचेच आहेत, यात मी ट्रेकला पण जातो," मी म्हटलं. सरांनी फक्त माझ्या बोटांकडे पाहिलं. "बोटं दिसतात ना? मग सँडल. जा, शूज घालून ये." जॉब अर्धा राहिला, मार्क गेले. फार राग आला होता. नंतर कळलं, की याच वादात अमेरिकेत एक मोठी कंपनी कोर्टात हरली आहे!

परदेशातून माल आला की त्यावर किती ड्यूटी घ्यायची हे कस्टम्सवाले ठरवतात. त्यासाठी प्रत्येक वस्तूला एक नंबर असतो. ही पद्धत 1988 पासून जगभर लागू आहे. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखेच. पुढचे आकडे प्रत्येक देश आपापले जोडतो. आपल्याकडे एकूण आठ, अमेरिकेत दहा.

पादत्राणांचं प्रकरण 64 वं. ते वाचताना मला आपला फ्लोचार्टच आठवला. पहिला प्रश्न : सोल कशाचा? दुसरा : पायावर येणारा वरचा भाग, म्हणजे अपर, कशाचा? सोल रबराचा किंवा प्लास्टिकचा आणि अपरही त्याचाच असेल तर 6402 (वॉटरप्रूफ गमबूट वेगळे, 6401). अपर चामड्याचा असेल तर 6403, कापडाचा असेल तर 6404. दोन-तीन मटेरियल एकत्र असली तर? तेही लिहून ठेवलंय. अपरमध्ये बाहेरून ज्याचं क्षेत्रफळ सर्वांत जास्त, ते मटेरियल धरायचं. बक्कल आणि नक्षी मोजायची नाही. सोलमध्ये जमिनीला सर्वांत जास्त टेकतं ते धरायचं. म्हणजे चक्क एरिया काढायचा!

गंमत म्हणजे यात आपल्या ओळखीची मंडळीही भेटतात. पट्टे सोलच्या भोकात बुचासारखे बसवलेली चप्पल, म्हणजे आपली हवाई चप्पल, 6402.20 मध्ये. चामड्याचा सोल, पावलावरून आडवा चामड्याचा पट्टा आणि अंगठ्याभोवती चामड्याचीच पट्टी, हे वर्णन आहे 6403.20 चं. डोळ्यांसमोर कोल्हापुरीच येते ना? पण तिलाच खालून रबराचा सोल लावला, की ती या नंबरातून बाहेर पडते.

आता त्या केसकडे येऊ. टेवा नावाचे पट्ट्यांचे सँडल ग्रँड कॅन्यनमधल्या एका रिव्हर गाइडने 1984 मध्ये काढले. पाण्यात, दगडांवर, कुठेही चालतील असे. पुढे डेकर्स कंपनीने ते आयात केले. अपर कापडी, म्हणून 6404. इथपर्यंत वाद नव्हता. कस्टम्सने त्यांना उघड्या बोटांची पादत्राणं ठरवून 37.5 टक्के ड्यूटी लावली. कंपनी म्हणाली, हे खेळाचे शूज आहेत. त्या वर्गात ड्यूटी होती 20 टक्के अधिक जोडीमागे 90 सेंट. 10 डॉलरची जोडी धरली तर 3.75 डॉलर की 2.90, एवढाच फरक. पण लाख जोड्या म्हटल्या की 85,000 डॉलर!

कायद्यात शब्द होते : टेनिस शूज, बास्केटबॉल शूज, जिम शूज, ट्रेनिंग शूज "आणि तत्सम". सगळं भांडण या "तत्सम" वर. कंपनीचं म्हणणं, खेळासाठी बनवलं की झालं तत्सम. कोर्टाने यादीतल्या चारही शूजमध्ये समान काय आहे ते पाहिलं : सगळ्यांचा अपर बंद आहे. सँडल उघडा, म्हणून तो तत्सम नाही. 2008 मध्ये अपील कोर्टाने हाच निकाल दिला. कंपनी पुन्हा गेली, तर 2014 मध्ये कोर्ट म्हणालं, आमचा आधीचा निकाल आमच्यावर बंधनकारक आहे.

मित्रांनो, आपण डिझाइन करताना स्ट्रेंथ बघतो, कॉस्ट बघतो. पण बोटं झाकायची की उघडी ठेवायची, या एका रेषेवर ड्यूटी बदलते, हे आपल्याला कोणी शिकवत नाही. वस्तू आपण काय म्हणून विकतो याला तिथे किंमत नाही. व्याख्येत काय लिहिलंय त्याला आहे.

आमच्या सरांनी टॅरिफ वाचलं नसणार. त्यांना फक्त माझ्या पायावर गरम चिप पडायला नको होती. पण निकाल मात्र त्यांनी अगदी बरोबर दिला होता!