ताटावर पीडीएफ नको

अभनपूर, जि. रायपूर
१० नोव्हेंबर

चि. ठमीस,

तुझे मेसेज पाहिले, मिस्ड कॉलही पाहिले. तेव्हा आधी तेच सांगून टाकते: तुझी पीडीएफ मी पाहुण्यांना दाखवली नाही. चाळीस पानांतलं एकही पान नाही. रुसली असशील तर रूस, पण पत्र शेवटपर्यंत वाच. एवढं सगळं फोनवर टाइप करायला माझा अंगठा तयार होत नाही, म्हणून पोस्टाने धाडतेय.

चूक मुळात माझीच. यांच्या नागपूरच्या मित्राचा मुलगा परदेशात थीम पार्क आखायचं काम करतो, बायको-मुलीला घेऊन सुट्टीवर आलाय आणि शनिवारी आपल्याकडे जेवायला आहे, हे मी तुला सांगायलाच नको होतं. सांगितलं आणि तासाभरात तुझ्या आराखड्याची फाइल येऊन धडकली. खाली ओळ: 'आत्या, जेवताना सहज विषय काढ ना.'

जेवताना 'सहज' विषय कसा निघतो ते मला चांगलं ठाऊक आहे. तुझा बाबा कॉलेजात होता तेव्हाची गोष्ट. रायपूरला तात्यापाऱ्यातल्या घरी एक गायिका कार्यक्रम आटोपून जेवायला आल्या होत्या. रात्रीचे साडेअकरा. बाई दमलेल्या, त्यांनी फक्त आमटी-भात मागितला. मी त्या वेळी गाणं शिकत होते. पहिला घास त्यांच्या तोंडाशी जातोय न जातोय तोच मी म्हटलं, 'एक बंदिश म्हणून दाखवू?' त्यांनी घास ताटात परत ठेवला. उष्टा हात तसाच, बोटं वाळताहेत, आणि मी आपली ताना घेतेय. संपल्यावर त्या 'छान' म्हणाल्या आणि आईला हळूच विचारलं, आमटी जरा गरम करून मिळेल का. आज मला बंदिशीचे शब्द आठवत नाहीत, आमटीवर धरलेला थर आठवतो.

तर शनिवारी मी इडहर केलं. इथल्या कोचईची पानं म्हणजे आपलं अळूच. बेसनाऐवजी भिजवून वाटलेली उडदाची डाळ पानांना लावायची, थरावर थर, मग वळकटी करून वाफवायची, गार झाली की कापून दह्याच्या कढीत सोडायची. कढी चांगली आंबट हवी, नाहीतर घसा खाजतो. अळूवडीची चुलत बहीणच म्हण. सोबत लाल भाजी, टमाटरची चटणी आणि नगरीचा दुबराज. शेजारच्या धमतरी जिल्ह्यातला हा तांदूळ. २०२३ मध्ये त्याला जीआय मिळालं तेव्हापासून आमचा दुकानदार भाव सांगताना जरा ताठ बसतो.

पाहुणा चाळिशीचा, शांत. यांनी भाताच्या पहिल्याच वाढीला सुरुवात केली, 'काय हो, तिकडे त्या मोठ्या राइड्स...' तेवढ्यात आमच्याकडे मदतीला येणारी दाई कढीचं पातेलं घेऊन मध्येच उभी राहिली: 'पहिली खा ले बेटा, गोठ-बात पाछू।' ती 'बेटा' पाहुण्याला म्हणाली, पण गप्प झाले ते हे.

त्याची मुलगी सहा वर्षांची. तिने इडहर पाहून नाक मुरडलं. हिरवं, बुळबुळीत, त्यात कढी. कुठलंही पोर मुरडेल. त्याची बायको 'एकच घास' वगैरे म्हणायला लागली. त्याने काही न बोलता एक तुकडा कढीतून उचलला, कोरड्या वाटीत आडवा ठेवला आणि वाटी तिच्याकडे सरकवली. आडवा ठेवल्यावर त्यातली गुंडाळी दिसायला लागली, पान-डाळ-पान-डाळ अशी आत आत जाणारी. पोरीने बोट ठेवलं, कडेपासून फिरवत मधोमध नेलं, आणि मग तो तुकडा तोंडात टाकला. दुसरा तिने स्वतः मागितला. बापाने वरही पाहिलं नाही, तो भात कालवत होता.

ठमे, मी त्या वेळी पीडीएफ उघडून बसले असते तर हे माझ्या नजरेतून सुटलं असतं. म्हणून सांगते, कुणी जाणता माणूस सुट्टीवर असेल तर त्याला काही विचारू नकोस, तो काय करतो ते बघ. कामावर असताना माणूस पढवलेलं बोलतो. सुट्टीत हात आपोआप चालतात.

हात धुऊन ओसरीवर बडीशेप घेतली आणि त्याचं तोंड आपणहून सुटलं. दीड तास! यांनी राइड्सचं पुन्हा विचारलं, त्यावर तो हसून म्हणाला की ते सगळेच विचारतात; त्याचं काम लोकांनी चालायचं कुठून, थांबायचं कुठे, थकल्यावर टेकायचं कुठे, एवढंच. मग त्याने डिस्नेलँडच्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितली. १७ जुलै १९५५. रणरणतं ऊन, बोलावले होते त्यापेक्षा कितीतरी जास्त लोक खोटे पास घेऊन घुसलेले, रस्त्याचं डांबर इतकं ताजं की बायकांच्या सँडलच्या टाचा त्यात रुतायच्या. त्यातच नळकामगारांचा संप होऊन गेला होता. वेळ इतका कमी उरला की पिण्याच्या पाण्याचे नळ पुरे करायचे की संडास, असा प्रश्न पडला. डिस्नेने संडास निवडले. लोक तहानेने कावले, वर्तमानपत्रांनी झोडपलं, कुणी म्हणे ही कोल्ड्रिंक खपवायची युक्ती. 'राजवाडा मात्र वेळेवर तयार होता,' पाहुणा म्हणाला, 'पण त्या दिवशीचं बोलणं निघालं की लोक नळांवरच येतात.'

त्या राजवाड्याचंही एक आहे. डिस्नेचा एक शब्द होता, 'वीनी', म्हणजे सॉसेज. कुत्र्यापुढे सॉसेज धरलं की ते मागोमाग येतं, तसं लांबून दिसणारं काहीतरी उंच हवं, म्हणजे पाय आपोआप तिकडे वळतात. म्हणून मोठ्या रस्त्याच्या टोकाला तो राजवाडा. मी म्हटलं, मग आमच्या राजिमचा कुलेश्वर काय वेगळा? महानदी, पैरी, सोंढूर यांच्या संगमावर, नदीच्या पात्रातच उंच दगडी चौथऱ्यावर त्याचं देऊळ उभं आहे. माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत तिथे वाळूवर मेळा भरतो. सरकार बदललं की मेळ्याच्या नावाची पाटी बदलते, कधी कुंभ, कधी पुन्नी मेळा, पण माणसं वाळू तुडवत त्या चौथऱ्याकडेच सरकतात. तो सरसावून बसला. दुसऱ्या दिवशी त्याला सिरपूरला जायचं होतं, बायकोला विचारून राजिम आधी घेतलं.

रांगेचं निघालं तेव्हा मात्र मला वाटलं हा आता परदेशातल्या पार्कांचं काही सांगेल. त्याने पंढरपूर काढलं. पदस्पर्शाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. ज्याला वेळ नाही त्याने लांबून तोंड पाहून निघावं, ही सोय आपल्याकडे आहेच. शिवाय दर्शनबारीत तासन्‌तास उभा असलेला माणूस अभंग म्हणत असतो, म्हणजे करमणूक तो घरूनच घेऊन आलेला असतो. 'आम्ही रांगेत पडदे लावतो, गाणी लावतो, तरी लोक घड्याळ बघतात,' असं म्हणून तो थोडा वेळ गप्प बसला.

चार वाजता सगळे पुरखौती मुक्तांगणला गेलो. इथून गाडीने फार लांब नाही, नवा रायपूरच्या उपरवारात. २००६ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलामांनी त्याचं उद्घाटन केलं होतं. कोल्हापूरच्या कणेरी मठातले सिमेंटचे बलुतेदार तू पाहिलेस, तसंच हे, पण इथे इकडच्या लोकांचं जगणं: पंथी नाचणारे पुतळे, राऊत नाचा, भिंतींवरची चित्रं. एका भागाचं नाव 'आमचो बस्तर'. हलबी बोलीतलं हे 'आमचो' तुझ्या गोव्याकडच्या मैत्रिणीला वाचून दाखव, तिला आपलंच वाटेल.

हे पुतळ्यांचे फोटो काढत होते. पाहुणा एकाही पुतळ्यापुढे थांबला नाही. एका कडुलिंबाखाली खेड्यातल्या आठ-दहा बायका डबे सोडून बसल्या होत्या, त्यांच्याकडे पाहत उभा राहिला. मग उकिडवा बसला, मुलीच्या डोक्याच्या उंचीवर, आणि तिथून समोरच्या भिंतीकडे बघितलं. मीही बसून बघितलं; गुडघे कुरकुरले. तिथून चित्र दिसतच नव्हतं, मध्ये कठडा होता.

निघताना त्याने विचारलं, तुमची भाची या विषयात काही करते ना? यांनी कधीतरी बोलून ठेवलं असणार. मी म्हटलं, करते, सध्या शिकतेय. पत्ता मागितला नाही, त्याने दिलाही नाही. तू आता कपाळावर हात मारशील, मार.

रविवारी दुपारी मी तुझी पीडीएफ स्वतः उघडली. कारंजी झकास आहेत. किल्ल्याच्या दाराशी तो हत्ती कसा उभा राहणार ते मला कळलं नाही, पण चित्र देखणं आहे. पान ११ वरच्या मोठ्या नकाशावर मी भिंग घेऊन बसले. दोन तास चालायचा रस्ता तू काढलायस. त्यात पाण्याचा एक नळ सापडला, तोही ऑफिसच्या मागे. संडास फाटकाशी. आणि माझ्या गुडघ्यांची बाई त्या रस्त्यावर कुठे बसेल, ते मी दोनदा शोधलं. झाडं आहेत, पण सगळी कुंपणाला लागून.

तेवढा नकाशा पुन्हा काढ. कागदावरच काढ आणि मला पोस्टाने पाठव. माघी पौर्णिमेच्या आधी इकडे ये. आता मोठ्या लाइनीची गाडी रायपूरहून अभनपूरला येते, छोट्या लाइनीसारखे धक्के नाहीत. एक दिवस राजिमच्या वाळूत काढू. चपला साध्या आण, आणि येताना आईकडून तिळाची चटणी घेऊन ये. इथले तीळ भाजले तरी त्या चवीचे होत नाहीत.

तुझी,
आत्या