वाचन आणि लेखन : मेंदूतील दोन वाटा

ज्याला लिहिता येते त्याला वाचताही येणारच, असे आपण गृहीत धरून चालतो. शाळेत दोन्ही गोष्टी एकाच पाटीवर शिकवल्या जातात, त्यामुळे त्या एकच असाव्यात असा समज दृढ होतो. पॅरिसमधील एका कापडव्यापाऱ्याच्या दुखण्याने हा समज मोडीत काढला.

हे गृहस्थ ६८ वर्षांचे, सुशिक्षित व वाचनाची आवड असलेले होते. ऑक्टोबर १८८७ मध्ये एकाएकी त्यांना छापील शब्द वाचता येईनासे झाले. डोळे बिघडले असावेत म्हणून ते नेत्रतज्ज्ञाकडे गेले आणि त्याने त्यांना मज्जाविकारांचे अभ्यासक ज्यूल देजेरीन यांच्याकडे पाठवले. रुग्णाचे बोलणे स्वच्छ होते, समज उत्तम होती. सांगितलेला मजकूर ते बिनचूक लिहून घेत. मात्र तोच कागद काही वेळाने समोर धरला, तर स्वतःचे अक्षरही त्यांना वाचता येत नसे. अक्षरे दिसत नव्हती असे नाही. रोमन लिपीतील ‘ए’ चित्रकाराच्या घोडीसारखा आणि ‘झेड’ सापासारखा दिसतो, एवढे ते सांगत. अंक ते वाचू शकत. बोटाने आकार गिरवला की अक्षरही ओळखत.

१८९२ मध्ये दुसऱ्या झटक्यानंतर त्यांचे निधन झाले. देजेरीन यांनी मेंदू तपासला तेव्हा डाव्या अर्धगोलाचा मागचा भाग आणि दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या तंतूंच्या पट्ट्याचा मागील टोकाकडचा भाग जुन्या आघाताने निकामी झालेला आढळला. उजव्या अर्धगोलाला अक्षर दिसत होते, परंतु डावीकडील भाषेच्या केंद्रांपर्यंत ते पोहोचवणारी वाट तुटली होती. हाताची वाट शाबूत होती. म्हणून लिहिणे टिकले.

अशीच आपत्ती २००१ साली कॅनडातील रहस्यकथाकार हॉवर्ड एंगेल यांच्यावर ओढवली. सकाळचे वर्तमानपत्र त्यांना परक्या लिपीत छापल्यासारखे दिसू लागले. एंगेल दमले नाहीत. अक्षरांचे आकार हवेत बोटाने, पुढे जिभेच्या टोकाने दातांच्या मागे गिरवत ते सावकाश वाचू लागले, आणि २००५ मध्ये त्यांची नवी कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या नायकालाही त्यांनी हाच आजार दिला आहे!

वाचनाच्या आतही दोन वाटा असतात, असे मानसशास्त्रज्ञ मानतात. एका वाटेने आपण अक्षरागणिक उच्चार जुळवतो. दुसरीने ओळखीचा शब्द एका दृष्टिक्षेपात उचलतो. देवनागरीत पहिली वाट बरीच सरळ आहे, तरी ती पुरेशी नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ लिहिताना एक, बोलताना वेगळा. शब्द माहीत असल्याशिवाय तो कसा उच्चारावा हे अक्षर सांगत नाही. लेखनात तर अडचण अधिकच. ‘फूल’ दीर्घ, पण ‘फुलाला’ ऱ्हस्व. कान हा भेद नेहमी सांगेलच असे नाही.

येथे आपल्या शिक्षकांना व पालकांना एक विनंती करावीशी वाटते. ‘फूलाला’ लिहिणाऱ्या मुलाला ‘फूल’ हा शब्द अचूक ठाऊक आहे. त्याला केवळ सामान्यरूपाचा नियम हवा आहे. ‘शाळा’ऐवजी ‘शाला’ लिहिणाऱ्याची अडचण निराळी : त्याला ‘ल’ आणि ‘ळ’ यांतला फरक कदाचित ऐकूच येत नसेल, किंवा ऐकू येऊनही अक्षराशी जुळत नसेल. दोघांनाही शब्द पन्नास वेळा लिहायला लावणे हा एकच उपाय आपण वर्षानुवर्षे करत आलो. लाल शाईने नुसती फुली मारण्याआधी ती चूक कोणत्या वाटेवरची आहे, हे पाहावे. अशा मुलांना ‘मठ्ठ’ म्हटल्याने त्यांतली कित्येक वसतिगृहातून घरी परतली ती पुन्हा आलीच नाहीत.

आणि ज्यांना पाटी उशिरा मिळाली त्यांचे काय? आपल्या समाजात आजीच्या पिढीला शाळेचे दार बंद होते, म्हणून हा प्रश्न आपल्या घरातला आहे. २०१० साली स्तानिस्लास देहाएन व सहकाऱ्यांनी ब्राझील व पोर्तुगालमधील ६३ प्रौढांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत काही निरक्षर, काही बालपणी शाळेत गेलेले आणि २२ जण मोठेपणी अक्षरे शिकलेले होते. अक्षरे पाहताच जागा होणारा डाव्या बाजूचा प्रदेश या उशिरा शिकलेल्यांतही घडलेला दिसला. साठीतल्या आजीने नातवाच्या पुस्तकावर बोट फिरवत वाचायला बसावे, याला मेंदूची आडकाठी नाही. वेळ मात्र अधिक लागतो.

पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या माणसाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. स्वतःचे नाव न सांगू शकणारा रुग्ण पुष्कळदा अंक ओळीने म्हणतो, पाठ असलेली प्रार्थना म्हणतो, गाण्याची ओळ पुरी करतो. जन्मभर त्रिसरण-पंचशील म्हटलेल्या वृद्धाच्या ओठांवर ते येऊ शकते; तेव्हा ‘बोलता येते तर बोलत का नाही’ असे घरच्यांनी रागावू नये. पाठ असलेले म्हणणे आणि मनातले नवे वाक्य जुळवणे ही मेंदूची भिन्न कामे आहेत. सूर व ताल यांच्या आधाराने छोटी वाक्ये पुन्हा बोलायला शिकवण्याची उपचारपद्धती १९७३ पासून प्रचलित आहे. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो, म्हणून वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करू नये. आणि रुग्णाशी घरच्याच बोलीत, सावकाश, एका वेळी एकानेच बोलावे. त्याने उत्तर शोधेपर्यंत थांबावे.