पिवळे कार्ड

सलीमचे मामू नोकरीसाठी नायजेरियाला निघाले होते. त्यांच्या पासपोर्टमध्ये एक पिवळे कार्ड होते.

"मामू, हे कार्ड कसले?" सलीमने विचारले.

"पीतज्वराची लस घेतल्याचा हा दाखला. तिकडे हा ताप डासांमुळे पसरतो. त्यावर खास औषध नाही. पण १९३७ साली लस तयार झाली. प्रवासाच्या किमान १० दिवस आधी ती टोचून घ्यावी लागते."

"परत येताना कार्ड नसेल तर?"

"भारतात उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात."

"एवढी कडक तपासणी का?"

"तो डास आपल्याकडे आहे, पण हा रोग नाही. आजारी प्रवाशाला चावलेला डास दुसऱ्यांना चावला, तर रोग इथेही पसरेल."

"म्हणजे ही लस तुमच्यासाठी आणि आमच्यासाठीही!" सलीम म्हणाला.