एक अर्ज, अनेक वह्या



जवाहरनगर भागातील सभासदांच्या बैठकीत एका वयस्क सभासदाने आम्हाला सरळ प्रश्न केला, "ऊस माझा, काट्याची पावती माझ्या खिशात, मग बिल गेलं कोणाच्या खात्यावर?" तपास केला. गावात त्याच नावाचे दोन सभासद निघाले. भागधारकांच्या वहीत पूर्ण नाव होते, ऊस नोंदीत नुसते नाव-आडनाव होते, आणि काट्यावर घाईत तिसऱ्याच पद्धतीने लिहिले गेले होते. पैसे दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाले. ते वळते करायला महिना गेला आणि तेवढ्यात त्यांच्या सोसायटीच्या कर्जाची तारीख टळली. खोट वह्यांच्या मांडणीत होती, आणि ती आमच्याच कार्यालयातली होती, हे आम्ही मान्य करतो.

ही मांडणी कशी सुधारावी, एकाच अर्जातून अनेक वह्या बिनचूक कशा भराव्यात, हा या पाठाचा विषय आहे. काम संगणकाचे असले तरी मूळ गोष्ट घरच्या हिशोबाचीच आहे.

पहिली गोष्ट : एक माहिती एकाच वहीत

समजा, एका सभासदाचे तीन प्लॉट आहेत आणि हंगामात त्यांच्या मिळून एकवीस खेपा काट्यावर आल्या. सभासदाची नोंद १, प्लॉटच्या ३ आणि वजनाच्या २१, अशा २५ नोंदी झाल्या. प्रत्येक नोंदीत नाव, गाव, बँक खाते लिहीत बसलो तर तीच माहिती पंचवीस वेळा लिहावी लागेल आणि पंचवीस ठिकाणी चुकायला वाव राहील. खाते बदलले की पंचवीस जागी दुरुस्ती आली. म्हणून नाव, गाव, खाते फक्त सभासदांच्या वहीत लिहायचे. प्लॉटच्या वहीत सभासद क्रमांक आणि वजनाच्या वहीत प्लॉट क्रमांक लिहायचा. वजनावरून प्लॉट सापडतो, प्लॉटवरून सभासद सापडतो.

हे आपल्याला नवीन नाही. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना सहा म्हणजे फेरफार, सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद, आठ-अ म्हणजे खातेदारांची नोंद. नमुने वेगवेगळे, पण गट क्रमांक, खाते क्रमांक आणि फेरफार क्रमांक यांनी ते एकमेकांना बांधलेले असतात. संगणकात माहिती अशी तक्त्यांत मांडून समान मूल्यांनी जोडण्याचा विचार आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली एका निबंधात मांडला. आजही बहुतेक हिशोबी संगणक प्रणाली त्याच पायावर उभ्या आहेत.

दुसरी गोष्ट : अर्जाचे दोन भाग

ऊस नोंदीचा अर्ज पडद्यावर उघडला की वरच्या भागात सभासद दिसावा आणि खालच्या भागात त्याच्या प्लॉटच्या ओळी दिसाव्यात. वर सभासद क्रमांक टाकला की नाव-गाव आपोआप यावे. खाली गट क्रमांक, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख आणि आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा एवढेच भरावे. प्रत्येक ओळीला वरचा सभासद क्रमांक संगणकानेच लावावा, लिपिकाने हाताने लिहू नये. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस किंवा लिबरऑफिस बेस यांत याला मुख्य फॉर्म आणि सबफॉर्म म्हणतात. दोन्हींत समान असलेला रकाना दाखवून दिला की जोडणी होते.

आपल्याकडच्या मामा तलावाचे पाणी एका तोंडातून सुटते आणि पाटाने वेगवेगळ्या बांध्यांत जाते. अर्ज म्हणजे ते तोंड, वह्या म्हणजे बांध्या आणि क्रमांक म्हणजे पाट. पाट फुटला की पाणी शेजाऱ्याच्या बांधीत जाणारच.

तिसरी गोष्ट : चार नियम

१. क्रम पाळावा. आधी सभासद, मग प्लॉट, मग तोड, मग वजन. ज्या प्लॉटची नोंदच नाही त्याचे वजन संगणकाने घेऊ नये.

२. गाव आणि उसाची जात लिहू नये, यादीतून निवडावी. 'को ८६०३२' तीन जणांनी तीन तऱ्हेने लिहिले की संगणकाला त्या तीन जाती वाटतात.

३. जतन करायचे तर सगळे, नाही तर काहीच नाही. सभासद लिहिला, दोन प्लॉट लिहिले आणि वीज गेली, तर अर्धी नोंद राहता कामा नये.

४. जुनी नोंद खोडू नये. वारस लागला, खाते बदलले, तर तारीख टाकून नवी नोंद करावी, फेरफाराप्रमाणे. गेल्या हंगामाचे बिल कोणाला दिले, हे दहा वर्षांनीही सांगता आले पाहिजे. एकाचा क्रमांक दुसऱ्याला कधीच देऊ नये.

वारणेचा अनुभव

कोल्हापूर-सांगली भागातील वारणा परिसरात १९९८ साली सुमारे सत्तर गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावातल्या केंद्रावर संगणक बसले. शेतकरी तिथे येऊन मुख्यतः विचारायचे काय, तर उसाचे वजन किती भरले, तोडीचा परवाना आला का, खत किती उचलले. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने, संगणकाऐवजी मोबाइलच्या संदेशावर हीच माहिती देण्याचा प्रयोग केला आणि तो यशस्वी झाला. यंत्र बदलले, पण शेतकऱ्याचे प्रश्न तेच राहिले. त्यांचे उत्तर मागच्या वह्या नीट जोडलेल्या असल्या तरच बरोबर येते. वही चुकीची असेल तर मोबाइलवर चूकच लवकर पोचेल.

सभासदांनी काय करावे

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याची आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याजाची तरतूद करण्यात आली. पण नावाच्या घोळात अडकलेले बिल शोधण्यातच हे दिवस जाऊ नयेत, म्हणून थोडी काळजी आपणही घ्यावी. नोंदीची पावती हातात पडताच सभासद क्रमांक, गट क्रमांक, क्षेत्र, लागणीची तारीख आणि बँक खाते या पाच गोष्टी तिथेच वाचून घ्याव्यात. वाचता येत नसेल तर घरच्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्याव्यात, त्यात कमीपणा नाही. काट्यावर नाव सांगू नये, क्रमांक दाखवावा. घरातील सभासद वारले असतील तर वारसाची नोंद हंगामापूर्वी करून घ्यावी. गाडी काट्यावर उभी असताना हा प्रश्न सुटत नाही.

ज्यांच्या प्रश्नाने हा पाठ सुरू झाला, त्यांना आम्ही नवी पावती दिली तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचली, क्रमांकावर बोट ठेवले आणि मग घडी घालून खिशात ठेवली. प्रत्येक सभासदाने एवढे केले तर आमचे अर्धे काम होईल. उरलेले अर्धे नीट करणे ही आमची जबाबदारी आहे. ती पार पाडताना आम्ही कुठे चुकलो तर हक्काने विचारावे, ही विनंती.